पॉलीहाऊसमध्ये लाईट लावून दोन वर्षांत मर न लागणारा हरभरा तयार होईल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर सांगता येईल. तुम्ही जालना जिल्ह्यातले, बीएस्सी ॲग्री झालेलं. वडिलांनी उभारलेलं वीस गुंठ्यांचं पॉलीहाऊस ढोबळी मिरचीचे भाव पडल्यापासून रिकामं आहे, आणि घरचा चार एकर जिरायत हरभरा, जो तुम्ही कापूस उपटून डिसेंबरात पेरता, तो फेब्रुवारीत ठिकठिकाणी वाळून जातो आणि जो वाचतो त्याची फुलं गरम हवेनं गळतात. तुम्ही स्पीड ब्रीडिंगचा, म्हणजे झपाट्यानं पिढ्या घेऊन नवीन वाण काढायच्या पद्धतीचा, व्हिडिओ बघितला, त्यात वर्षात सहा पिढ्या काढलेल्या दाखवल्यात. म्हणून विचारताय की पॉलीहाऊसमध्ये एलईडी बसवून दोन वर्षांत मर आणि उष्णता दोन्ही सोसणारा वाण काढता येईल का, आणि त्यासाठी बँकेचं कर्ज घ्यावं का.

मी कडधान्यांच्या ब्रीडिंगमध्येच आयुष्याची बरीच वर्षं घालवलीत, त्यात ग्रीनहाऊसमधली कामं भरपूर, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न मला आवडला, कारण तुम्ही स्वतःच्या शेतातल्या दुखण्यापासून सुरुवात केलीय, नुसतं टेक्नॉलॉजीचं कौतुक म्हणून विचारलेलं नाही. पण तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. झाड नक्की कशानं मरतंय, पिढ्या किती लवकर घेता येतात, आणि त्या पिढ्यांमधून तग धरणारं झाड ओळखायचं कसं. व्हिडिओत फक्त मधला प्रश्न असतो कारण तो दिसायला सगळ्यात छान आहे, गुलाबी लाईटखाली हिरवीगार रोपं वगैरे. खरं अवघड काम पहिल्या आणि तिसऱ्यात आहे.

पहिल्यापासून घेऊ. आपल्याकडे हरभरा वाळला की सगळे ‘मर लागली’ म्हणतात, पण त्यात निदान दोन रोग असतात आणि दोघांचं वागणं एकमेकांच्या उलट म्हणावं इतकं वेगळं आहे. खरी मर फ्युजॅरियम बुरशीमुळे येते. त्यात झाडाची पानं माना टाकतात, बऱ्याचदा हिरवी असतानाच लोंबतात, झाड उपटलं तर मूळ वरून चांगलं ठणठणीत दिसतं, पण ब्लेडनं बुंध्यापासून मुळापर्यंत उभा छेद दिला की मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसते, कारण पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुरशीनं भरलेल्या असतात. दुसरी आहे कोरडी मूळकूज, रायझोक्टोनिया बुरशीची. त्यात झाड लोंबत नाही, उभ्या उभ्या गव्हाच्या काडासारख्या रंगाचं होतं, आणि उपटायला गेलात तर सोटमूळ खालून कट्कन तुटून टोक जमिनीतच राहतं, वर जे येतं त्याला बारीक तंतुमुळं जवळजवळ नसतातच, मूळ काळं आणि ठिसूळ लागतं. ही कोरडी मूळकूज ३० ते ३५ अंश तापमान आणि जमिनीतली ओल संपत आलेली असताना उसळते, म्हणजे फुलोऱ्यापासून घाटे भरेपर्यंतच्या काळात. तुम्ही लिहिलंय की पीक रोपावस्थेत चांगलं असतं आणि फेब्रुवारीत ऊन वाढलं की मरतं, त्यावरून माझा अंदाज या दुसऱ्याच रोगाकडे जातो. अंदाजच आहे, लांबून रोगनिदान करायचं नसतं. दहा-पंधरा झाडं शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातून उपटा, उभी चिरा, आणि शंका वाटली तर केव्हीकेमध्ये (कृषी विज्ञान केंद्रात) दाखवा.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण पुढचं सगळं यावर ठरतं. फ्युजॅरियमच्या मरीला पक्का प्रतिकार देणारे वाण आणि लाईन (म्हणजे अजून वाण म्हणून बाजारात न आलेलं ब्रीडरकडचं बियाणं) आपल्याकडे भरपूर आहेत. डब्ल्यूआर ३१५ ही लाईन सगळे ब्रीडर मरीला प्रतिकारक म्हणून वापरतात, तिच्यापासूनच कर्नाटकातल्या अन्नीगेरी १ या जुन्या वाणात मार्करच्या, म्हणजे हवा तो जनुक ओळखणाऱ्या डीएनए चाचणीच्या, मदतीनं प्रतिकार आणला आणि २०१९ मध्ये सुपर अन्नीगेरी १ बाहेर आला. आपल्या राहुरीचे विजय, दिग्विजय हेही मरीला चांगले टिकतात. पण कोरड्या मूळकुजीचं तसं नाही, तिथे मध्यम सहनशील लाईन मिळतात, मरीसारखा ठाम प्रतिकार अजून हाताशी नाही. म्हणजे तुमचं दुखणं पहिलं असेल तर ब्रीडिंग करायची गरजच नाही, बियाणं बदला. दुसरं असेल तर प्रश्न खरोखर कठीण आहे आणि त्यात पेरणीची तारीख, जमिनीतली ओल हे घटक वाणाइतकेच भारी पडतात.

आता स्पीड ब्रीडिंग. कल्पना अवकाशातून आलीय म्हटलं तरी चालेल, नासाच्या मदतीनं अमेरिकेत युटा स्टेट युनिव्हर्सिटीत अवकाशयानात वाढेल असा बुटका लवकर येणारा गहू तयार करायचं काम झालं होतं, सतत लाईटखाली. त्यावरून ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ही पद्धत नेहमीच्या ब्रीडिंगसाठी बसवली. २०१८ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरनं मिळून जे प्रसिद्ध केलं त्यात २२ तास उजेड आणि २ तास अंधार, तापमान दिवसा २२ आणि अंधारात १७ अंश असं ठेवून गहू, बार्ली, हरभरा, वाटाणा यांच्या वर्षात सहा पिढ्यांपर्यंत मजल मारता येते असं दाखवलं, कनोला या मोहरीच्या कुळातल्या तेलबियाच्या चार. आपल्या हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं हरभऱ्यावरच हे काम केलं आणि लवकर येणाऱ्या वाणांच्या सातपर्यंत पिढ्या घेतल्या. त्यात दोन युक्त्या आहेत. एक, दिवस लांब करायचा, त्यामुळे हरभरा लवकर फुलावर येतो. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते, दाणा पिकायची वाट बघायची नाही. फूल उमलल्यापासून वीस-बावीस दिवसांचा हिरवा घाटा तोडला, दाणा वाळवला आणि लगेच लावला तरी तो उगवतो. महिन्याभरात फूल आणि त्यानंतर तीन आठवड्यात बी, असा बावन्न दिवसांचा हिशेब बसला की वर्षात सात होतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा की लाईट लावली की पीक लवकर येतं असा सरसकट नियम नाही. आपल्याकडे शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावतात ते तुम्ही पाहिलं असेल. ते फूल लवकर यावं म्हणून लावत नाहीत, उशिरा यावं म्हणून लावतात, कारण शेवंती लहान दिवसाची, म्हणजे दिवस लहान झाला की फुलणारी. सोयाबीन आणि भातही लहान दिवसाचे, त्यांना २२ तास उजेड दिला तर ते नुसते वाढत बसतील. म्हणून इरी या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं भातासाठी वेगळी पद्धत बसवली, पहिले काही दिवस लांब उजेड, मग रोज फक्त दहा तास, त्यात साठ दिवसांच्या आत फूल येतं आणि वर्षात चार-पाच पिढ्या होतात. सोयाबीनमध्येही दहा तासांचाच उजेड देऊन वर्षात पाचपर्यंत गेलेत. हरभरा लांब दिवसाचा आहे हे तुमचं नशीब चांगलं.

पण तुमचं पॉलीहाऊस म्हणजे या संस्था वापरतात ती बंद, तापमान धरून ठेवणारी चेंबर नाही, आणि इथे मला आकडे मांडावेच लागतील. पूर्ण वाढीसाठी रोपाच्या उंचीला साधारण ४०० मायक्रोमोल (झाडाला मिळणारा उजेड मोजायचं एकक, दर चौरस मीटरला दर सेकंदाला) उजेड लागतो. चांगली एलईडी एका वॅटला अडीच मायक्रोमोल देते असं धरलं तरी चौरस मीटरला १६० वॅट झाले. वीस गुंठे म्हणजे ढोबळ दोन हजार चौरस मीटर, म्हणजे ३२० किलोवॅट. दिवसाचा सूर्यप्रकाश फुकट धरून फक्त रात्रीचे दहा तास लावलंत तरी रोजचे ३,२०० युनिट. तुमच्या गावच्या ट्रान्सफॉर्मरवर तो लोड तरी बसेल का ते आधी वायरमनला विचारा. त्याउलट दहा चौरस मीटरची एक बंद खोली, थर्माकोलचं इन्सुलेशन आणि एसी लावून, तर लाईटला १.६ किलोवॅट आणि २२ तासांचे ३५ युनिट, वर एसीचे वेगळे. आणि ब्रीडिंगसाठी तेवढी जागा पुष्कळ होते, कारण एका झाडाकडून तुम्हाला फक्त एक-दोन दाणे हवे असतात, पीक घ्यायचं नसतं. लहान कपात किंवा ट्रेमध्ये दाटीनं लावलेली खुरटी झाडंही चालतात, उलट खुरटी असली की लवकर फुलावर येतात.

अजून स्वस्त रस्ता असा की हिवाळ्यात दिवसा सूर्यावर वाढवा आणि रात्री पॉलीहाऊसच्या एका कोपऱ्यात शेवंतीवाल्यांसारखे साधे पिवळसर बल्ब लावून फक्त दिवस लांब करा. फुलाचा इशारा द्यायला मंद उजेड पुरतो, वाढीसाठी जो जोरदार उजेड लागतो तो सूर्य देतो. माझ्या मते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत अशा कोपऱ्यात दोन पिढ्या आरामात होतात, तिसरी ओढाताणीनं. मार्चनंतर तुमच्या नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलीहाऊसमध्ये दुपारी चाळीसच्या वर जाईल आणि फूल टिकणार नाही. पॅड-फॅन, म्हणजे ओल्या पॅडमधून हवा आत ओढणारे पंखे, लावले तर? मराठवाड्यात एप्रिलची हवा कोरडी असते, बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल तर पॅडमधून आत येणारी हवा २६-२७ पर्यंत उतरते, पण ऐन उन्हाळ्यात पॅड ओले ठेवायला पाणी लागतं आणि तुमच्याकडे तेव्हा प्यायच्या पाण्याची काय अवस्था असते ते तुम्हीच जाणता. पावसाळ्यात उलटं, पाणी आहे पण हवाच दमट, त्यामुळे पॅड काही थंड करत नाही आणि आत बुरशी माजते. वर्षभर सहा-सात पिढ्या काढणारे तापमान आणि आर्द्रता दोन्ही बारा महिने धरून ठेवतात, म्हणून त्यांना ते जमतं.

समजा पिढ्या झाल्या. त्या पिढ्यांमध्ये नक्की घडतं काय? दोन वाणांचा संकर केला की एफ-१, म्हणजे पहिल्या पिढीची झाडं सगळी सारखी असतात, एफ-२ म्हणजे दुसऱ्या पिढीपासून गुण फुटायला लागतात. हरभरा स्वतःच्याच परागानं फळतो, त्यामुळे दर पिढीला मिश्रपणा निम्मा होत जातो, एफ-२ ला ५० टक्के, एफ-३ ला २५, असं करत एफ-६ ला तीन टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर लाईन स्थिर झाली म्हणायचं, म्हणजे पेरलं तर तसंच उगवेल. स्पीड ब्रीडिंग जे लवकर करतं ते फक्त हे स्थिर होणं. प्रत्येक झाडाचं एक बी पुढे, परत एक बी पुढे. मी नेहमी दोन दाणे ठेवायला सांगतो कारण एक उगवला नाही की ती अख्खी लाईन गेली, आणि हिरव्या दाण्यांची उगवण कधी कधी दगा देते. यात निवड फारशी नसते. तुम्ही शंभर लाईन घेऊन निघालात तर शेवटी शंभरच्या आसपास स्थिर लाईन हातात येतात, त्यातल्या बहुतेक तुमच्या कामाच्या नसतात. जर सुरुवातीच्या संकरातच उष्णता सोसायचा गुण नसेल तर सात पिढ्या काय सत्तर घेतल्या तरी तो येणार नाही. म्हणून पालक कोण घ्यायचे हा निर्णय लाईटच्या ब्रँडपेक्षा हजारपट मोठा आहे. उष्णतेसाठी जेजी १४ हा जुना खात्रीचा पालक, दुष्काळासाठी आयसीसी ४९५८. या दुसऱ्याच्या मुळांशी आणि दुष्काळ सोसण्याशी संबंधित जनुकांचा एक पट्टा मार्करच्या मदतीनं पुसा ३७२ मध्ये नेऊन पुसा चना १०२१६ तयार झाला, २०१९ मध्ये आला, आणि त्याची शिफारस आपल्या महाराष्ट्रासाठीही आहे.

मार्करचं काम तुम्हाला घरी जमणार नाही पण ते काय करतं ते समजून घ्या. रोप चार पानांचं असताना एका पानाचा तुकडा लॅबला पाठवायचा, ते सांगतात की हवा तो जनुक यात आहे का नाही, नसलेली रोपं तिथेच उपटून टाकायची. वेगानं पिढ्या आणि मार्कर हे एकत्र आले की काम फार झपाट्यानं होतं. जपानमध्ये खारवट पाण्यात टिकणारा भात याच जोडीनं १७ महिन्यांत तयार करून दाखवलाय, २०१९ मधलं काम आहे. पण तिथे खारटपणा सोसणारा एकच मोठा जनुक आधीपासून माहीत होता. तुमच्या उष्णतेच्या आणि कोरड्या मूळकुजीच्या प्रश्नात असा एकच मोठा जनुक नाही, अनेक छोटे छोटे आहेत, म्हणून तिथे झाडाला प्रत्यक्ष त्रास देऊन बघण्यावाचून इलाज नसतो.

आणि इथे आलो तिसऱ्या प्रश्नाकडे, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण नवीन लोक इथेच फसतात आणि त्यात त्यांची चूक नसते, कोणी सांगतच नाही. ग्रीनहाऊसमधला दुष्काळ आणि शेतातला दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच लिटरच्या कुंडीत झाडाला घेता येईल असं पाणी लिटर-सव्वा लिटर असतं. मोठं झाड कोरड्या हवेत ते तीन-चार दिवसांत संपवतं आणि एकदम कोमेजतं. तुमच्या काळ्या जमिनीत मीटरभर खोलीपर्यंत पिकाला घेता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी साठलेलं असतं आणि ते दोन-अडीच महिने हळूहळू उतरत जातं, वरून भेगा पडत जातात, मुळं खाली जात राहतात. कुंडीत पाणी तोडून ‘ही लाईन पाच दिवस टिकली, ती तीनच दिवस’ असं मोजलंत तर बऱ्याचदा जी लाईन लहान असते, जिची पानं कमी असतात, तीच जिंकते, आणि शेतात तिला उत्पादनच नसतं.

म्हणून ज्यांना हे नीट करायचं असतं ते कुंडी सोडून देतात. इक्रिसॅटमध्ये सव्वा मीटर उंचीच्या पीव्हीसी पाइपमध्ये माती भरून एकेक झाड लावतात आणि तो पाइप उचलून ठरावीक दिवसांनी वजन करतात, म्हणजे झाडानं कुठल्या आठवड्यात किती पाणी प्यायलं ते कळतं. त्यातून हरभऱ्याबद्दल जे निघालं ते मला अजूनही फार शिकवणारं वाटतं. दुष्काळात चांगलं उत्पादन देणाऱ्या लाईन एकूण पाणी जास्त ओढतात असं नाही, त्या सुरुवातीला, फुलापर्यंत, कमी पाणी वापरतात आणि दाणा भरायच्या वेळी त्यांच्यासाठी खाली ओल शिल्लक असते, घरात महिनाअखेरपर्यंत किराणा पुरवून वापरणारी बाई असते ना, तसं. आता हा गुण तुम्ही कोमेजण्याचे दिवस मोजून कधी पकडणार? पकडताच येत नाही. दिल्लीला आयएआरआय या भारतीय कृषी संशोधन संस्थेतलं नानाजी देशमुख फिनॉमिक्स सेंटर किंवा आपल्या बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, अशा ठिकाणी कॅमेरे आणि सेन्सर लावून झाडाचं तापमान, पानांचा पसारा, पाण्याचा वापर रोजच्या रोज मोजतात ते याचसाठी. माझ्या दृष्टीनं ग्रीनहाऊसचं खरं मोल इथे आहे, पिढ्यांच्या वेगापेक्षाही, कारण शेतात एक वर्ष फेब्रुवारी थंड गेला की तुमची उष्णतेची अख्खी चाचणी वाया जाते आणि ग्रीनहाऊसमध्ये तुम्ही पाहिजे त्या दिवशी पाहिजे तेवढं ऊन देऊ शकता.

उष्णतेची चाचणी त्यातल्या त्यात कुंडीत बरी जमते. फुलोऱ्यात दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं की हरभऱ्याचे पराग निकामी व्हायला लागतात, झाड हिरवंगार दिसतं पण घाटा धरत नाही. म्हणून पानं बघून काही कळत नाही, फुलं मोजायची आणि त्यातले किती घाटे झाले ते मोजायचं, शक्य असेल तर परागाला रंग लावून साध्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. रोगांची चाचणीही ग्रीनहाऊसमध्ये चांगली होते. मरीसाठी रोपाची मुळं बुरशीच्या पाण्यात बुडवून लावतात, शेजारी जेजी ६२ हा मरीला हमखास बळी पडणारा वाण लावतात. तो मेला नाही तर चाचणीच झाली नाही असं समजायचं, मग बाकीच्या लाईन कितीही छान उभ्या दिसोत. आणि मरीच्या बुरशीच्या वेगवेगळ्या रेस, म्हणजे पोटप्रकार, आहेत, एका भागात टिकलेली लाईन दुसरीकडे मरू शकते, त्यामुळे शेवटी आपल्या भागातल्या रोगट प्लॉटवर ती उभी करावीच लागते. एक इशारा, बाहेरून बुरशीचं कल्चर आणून स्वतःच्या पॉलीहाऊसमध्ये असले प्रयोग करू नका. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, एकदा शेतात गेली की काढता येत नाही.

वेळेचा हिशेब सांगतो. नेहमीच्या पद्धतीनं वर्षाला एक हंगाम धरला तर संकरापासून स्थिर लाईनपर्यंत सात वर्षं, मग संशोधन केंद्रावरच्या आणि अखिल भारतीय समन्वित चाचण्या तीन-चार वर्षं, मग पैदासकार, पायाभूत, प्रमाणित असं बियाणं वाढवायला अजून दोन-तीन. स्पीड ब्रीडिंगनं यातली फक्त पहिली सात वर्षं दीड-दोनवर येतात. शेतातल्या चाचण्या कोणालाच कमी करता येत नाहीत, आणि करूही नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे वाण पावसात, अवकाळीत, घाटेअळीत, वेगवेगळ्या जमिनीत उभा राहतो की नाही ते कळतं आणि ज्याच्या घरात त्या बियाण्यावर वर्ष काढायचं असतं त्याच्याशी आपण प्रामाणिक असलं पाहिजे. म्हणजे उत्तम सोयी असलेल्या संस्थेलाही बारा-तेराच्या जागी सात-आठ वर्षं. हेही फार मोठं यश आहे, हवामान ज्या वेगानं बदलतंय ते बघता ही पाच वर्षं सोन्यासारखी आहेत. पण दोन वर्षं नव्हेत.

मग तुमच्या जागी असतो तर मी काय केलं असतं? पहिलं, यंदाच मेलेली झाडं चिरून रोग ठरवला असता. दुसरं, चार एकरांतला निदान एक एकर कापसाऐवजी मूग-उडीद किंवा लवकरचं सोयाबीन घेऊन तो मोकळा झाल्यावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात हरभरा पेरून बघितला असता. डिसेंबरची पेरणी म्हणजे फुलोरा आणि दाणा भरणं थेट ऊन आणि कोरड्या जमिनीत नेऊन ठेवणं, त्यात कुठलाही वाण पूर्ण ताकद दाखवू शकत नाही. यात कापसाच्या पैशाचं काय हा प्रश्न आहे आणि तो तुमच्या घरचा हिशेब आहे, मी बाहेरून सांगू शकत नाही.

तिसरं, तुमच्याच जिल्ह्यात बदनापूरला परभणी कृषी विद्यापीठाचं कडधान्यांचं जुनं संशोधन केंद्र आहे, तुरीचा बीडीएन ७११ तिथलाच. तिथे जाऊन भेटा, आठ-दहा वाण आणि मिळाल्या तर काही सहनशील लाईन किलो-दोन किलो मागून घ्या, आणि प्रत्येकाच्या चार ओळी ऑक्टोबरात, चार ओळी तुमच्या नेहमीच्या डिसेंबरात, अशा एकाच शेतात लावा, मध्ये मध्ये तुमचा घरचा वाण. उशिरा पेरणी हीच उष्णतेची फुकटातली चाचणी आहे, मोठ्या संस्थाही हेच करतात. प्रत्येक ओळीत किती झाडं उगवली, किती मेली, मेलेली कुठल्या तारखेला मेली आणि चिरल्यावर काय दिसलं, हे वहीत लिहा. अशी दोन-तीन वर्षांची वही घेऊन तुम्ही कुठल्याही ब्रीडरसमोर बसलात तर तो तुम्हाला खुर्ची देईल, कारण आम्हाला रोज लाईट असलेल्या खोल्या मिळतात पण खऱ्या शेतातली अशी नोंद मिळत नाही.

चौथं, पॉलीहाऊसचा एक कोपरा, फार तर अर्धा गुंठा, शिकण्यासाठी ठेवा. हरभऱ्याचं क्रॉसिंग हे बोटांचं काम आहे. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी निवडायची, पाकळ्या अजून मिटलेल्या आणि फिकट असतात, बारीक चिमट्यानं आतली नावेसारखी पाकळी हळूच फाडायची, दहाच्या दहा परागकोष काढायचे, एकही राहिला तर सगळं फुकट. मग दुसऱ्या वाणाच्या नुकत्या उमलणाऱ्या फुलातला पिवळा-नारिंगी पराग टोकाला लावायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. नवशिक्याची बहुतेक फुलं गळतात, तसं झालं तर निराश होऊ नका, ग्रीनहाऊसमधली दमट शांत हवा यात शेतापेक्षा फार मदत करते. दोरा बांधलेल्या देठावर घाटा फुगलेला दिसला की जो आनंद होतो तो मी अजून दरवर्षी घेतो. तुमच्या घरच्या वाणात गुण असेल तर पीपीव्हीएफआर (पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क) कायदा, २००१ खाली शेतकऱ्याचा वाण म्हणून नोंदणीही करता येते, त्याचीही माहिती बदनापूरला मिळेल.

उरलेलं पॉलीहाऊस पैशासाठी चालवा. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं करणारे शेकडो शेतकरी आहेत, टोमॅटो, मिरची, वांगी. कंपनीशी करार करताना उगवण आणि शुद्धतेत माल नापास झाला तर काय, हे कागदावर वाचून घ्या. हे काम कष्टाचं आहे, मजूर लागतात, पण त्यात क्रॉसिंगचा हात बसतो, म्हणजे हौस आणि कमाई एकाच जागी.

आणि कर्ज. एलईडीसाठी घेऊ नका. वाण बाहेर येऊन त्याचं बियाणं विकलं जाईपर्यंत त्या लाईटमधून एक रुपया येत नाही आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, हरभऱ्यावर जगणाऱ्या घरानं हा भार उचलू नये. ब्रीडिंगचीच ओढ असेल, आणि प्रश्नावरून तशी वाटते, तर प्रवेश परीक्षा देऊन राहुरी, अकोला किंवा परभणीला वनस्पती प्रजननात एमएस्सी करा. दुसऱ्याच्या खर्चानं उभ्या असलेल्या ग्रीनहाऊसमध्ये दोन वर्षं काम करायला मिळेल, आणि सुट्टीत घरी आलात की त्या डिसेंबरच्या ओळी तुमच्याच शेतात असतील.